वाढलेलं पान

मंडळाच्या बाई येणार म्हटल्यावर 'सावली'त सकाळपासून नुसती लगीनघाई उडाली होती. अंगण शेणानं सारवून झालं, तुळशीच्या कट्ट्याला गेरू लागला, आणि एरवी विटक्या कपड्यांत फिरणाऱ्या माणसांना कपाटातले इस्त्रीचे सदरे काढून घातले गेले. सदरे उद्या परत कपाटात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेड्यांनाही. वेड्यांना तर जरा जास्तच.

टोकावड्याहून माळशेजकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलं की धनेशदादांचं हे निवास लागतं. कुणाचा भाऊ डोक्यानं फिरलेला, कुणाची मुलगी जन्मापासून मंद, कुणाची सून बाळंतपणात बिघडलेली. घराला माणूस जड झालं की त्याला इथं आणून सोडायचं. आजूबाजूची गावं धनेशदादांना देवमाणूस म्हणत. म्हणायला लोकांचं काय जातं? आपल्या घरातलं नकोसं माणूस जो ठेवून घेतो तो देवमाणूसच, आणि देवाच्या गाभाऱ्यात काय चाललंय ते कुणी वाकून बघत नाही. तरी खरं तेही सांगितलं पाहिजे. भागीरथीला तिच्या दिरानं इथं आणून टाकलं, तेव्हा तिच्यापुढं पहिला ऊन ऊन भात धनेशदादांनीच ठेवला होता. ते ती विसरली नव्हती. विसरता आलं असतं तर आजचा दिवस तिला इतका जड गेला नसता.

भागीरथी शहापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली सून. दुसऱ्या बाळंतपणात मूल गेलं आणि तिच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. आधी गुणगुण, मग शब्द, मग शिव्या. देवऋषी झाले, अंगारे झाले, मिरच्यांची धुरी झाली. शेवटी डॉक्टरच्या गोळ्यांनी ती माणसात आली, पण तोवर घरचं दार बंद झालं होतं. तेव्हापासून 'सावली'ची चूल तिच्याकडे. एवढ्या माणसांचा स्वयंपाक ती एकहाती उरकायची आणि धनेशदादा पाहुण्यांना सांगायचे, ही बघा, आमच्या उपचारांनी कशी सुधारली. सुधारली तर घरी का पाठवत नाही, हे विचारायचं मात्र पाहुण्यांना कधी सुचलं नाही.

ते सुचलं तिच्या लेकीला. आई गेली तेव्हा योगिनी परकरात होती. आता शहापूरला औषधांच्या दुकानात कामाला लागली होती, तिथंच तिनं एक खोली घेतली होती. दुकानात येणाऱ्या कुणाकडून तरी तिला कळलं, की मनोरुग्णांना आणि मंदबुद्धी म्हणून टाकलेल्यांना कुणी कोंडून ठेवलं, छळलं, नाहक अडकवलं, तर त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला सरकारनं मंडळ नेमलेलं असतं. त्यांचे लोक स्वतः येतात, माणसाला एकट्यात बोलावतात, आणि त्यांनी सोड म्हटलं की सोडावं लागतं. पोरीनं अर्ज केला. आज मंडळाच्या संजीवनीबाई येणार होत्या त्या भागीरथीच्याच कामाला.

वाल निवडता निवडता भागीरथीचा हात थांबला. स्वयंपाकघराच्या दारात धनेशदादा उभे होते. पांढरा झब्बा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर लोणी.

"बाई विचारतील, आवाज येतात का. काय सांगायचं?"

"नाय येत म्हणायचं."

"शाब्बास. मीही चांगलंच सांगणार आहे. संध्याकाळी तू लेकीकडं. आपलं काय वैर आहे का, भागीरथी?" ते वळले आणि पुन्हा थांबले. "आणि जिवली?"

"जिवली भावासंगं गेली. वैशाखऱ्याला."

"गेली ना? मग झालं तर."

ते गेले. जिवली म्हणजे अंगानं दांडगी, मनानं तान्ही पोर. तिला बोलता येत नसे. दिवसभर भागीरथीच्या मांडीला मांडी लावून बसायची, मोड आलेले वाल सोलायची, एक टोपलीत आणि एक तोंडात. खुशीत आली की नाकातून घुमल्यासारखा आवाज काढायची. मागच्या आठवड्यात कशानं तरी बिथरून ती फाटकाबाहेर पळाली. तिला फरफटत आणलेलं भागीरथीनं खिडकीतून पाहिलं. जिवली ओरडली तेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगण्यात आलं, की तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. भावाला येताना कुणी पाहिलं नव्हतं, जिवलीला जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

आणि मग भागीरथीला ते घुमणं ऐकू यायला लागलं. कोंबड्यांना दाणे टाकायला ती मागं गेली की भाताच्या कोठारातून यायचं. बारीक, कण्हल्यासारखं. ऐकताक्षणी ती घाबरली होती, जिवलीसाठी नव्हे, स्वतःसाठी. कारण तिचा आजार अस्साच सुरू झाला होता. आधी गुणगुण, मग शब्द. ज्याचे कान एकदा फितूर झाले त्यानं साक्षीला कुणाला बोलवायचं? ती चुलीपाशी येऊन बसली आणि गोळी घेतली का, ते पुन्हा पुन्हा आठवत राहिली. गोळी घेतलेली होती.

योगिनी एसटीनं टोकावड्याला उतरून चालत आली. नवी साडी घेऊन आली होती आईला. स्वयंपाकघरात दोघींना क्षणभर एकटं सापडलं, तेव्हा भागीरथीनं सांगून टाकलं. जिवली मागं कोंडलेली आहे. तिचं काहीतरी दुखतंय.

"तू बघितलंस तिला?" योगिनीनं विचारलं.

"बघितलं नाय. ऐकलं."

लेकीचा चेहरा उतरला. तिनं सावरून घेतला लगेच, पण भागीरथीनं पाहायचं ते पाहिलं. वेड भोगलेल्या माणसाला एक गोष्ट फार चटकन दिसते, समोरच्याचा विश्वास उडतो ती घडी.

"आई, आज काही बोलू नको गं," योगिनी कळवळून म्हणाली. "तू आधी बाहेर पड. बाहेर पडल्यावर आपण तक्रार करू, मी स्वतः करीन. आज तू म्हणालीस की ऐकू येतं, तर हे लोक तुला पुन्हा सोडणार नाहीत. माझ्यासाठी गप्प राहा."

पोरगी चुकीचं बोलत नव्हती. त्यातच तर सगळी पंचाईत होती.

संजीवनीबाई आल्या त्या रिक्षानं. धनेशदादा हार घेऊन जीपची वाट बघत फाटकात उभे होते, त्यामुळं पहिल्यांदा त्यांनी बाईंना बाजूला व्हायला सांगितलं. मग चूक लक्षात आल्यावर हसून हसून बेजार झाले. बाईंनी हार घेतला नाही. साधी सुती साडी, पायात धुळीनं माखलेल्या चपला, आणि बोलण्यात गोडवा बेताचाच. त्यांनी खोल्या पाहिल्या, संडास पाहिले, गोळ्यांच्या बाटल्या उघडून पाहिल्या. कोठाराच्या दाराला कुलूप दिसलं तेव्हा विचारलं, यात काय?

"भात, बाई. आताच झोडणी झालीय. चावी माझ्या भावाकडं राहिली, तो मुरबाडला गेलाय."

बाई दारापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. भागीरथी मागच्या दारातून बघत होती आणि मनात म्हणत होती, घुम गो पोरी, आता घुम. आत काहीच हाललं नाही. बाई पुढं गेल्या.

मग तिची पाळी आली. अंगणातल्या आंब्याखाली दोन खुर्च्या टाकल्या होत्या. धनेशदादा जवळ रेंगाळायला लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही आत जा. हे बोलणं त्यांचं आणि माझं आहे." ते गेले, पण ओटीवरच्या खांबाला टेकून उभे राहिले. ऐकू येत नव्हतं, दिसत तर होतं.

बाईंनी घाई केली नाही. गोळ्या कुठल्या घेता, झोप लागते का, लेकीकडे राहायचं ते तुमच्या मनानं का तिच्या, असं एकेक विचारलं. भागीरथीनं नीट उत्तरं दिली. तिला वाटलं, ही बाई ऐकते. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं होतं.

"आणि आवाज? अजून येतात?"

खरं उत्तर असं होतं, की येतात. गोळ्यांनी बारीक झालेत, महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दिवस येतात, शेजारच्या घरातल्या भांडणासारखे, आणि तिला आता कळतं की त्यांना उत्तर द्यायचं नसतं. पण खांबापाशी झब्बा उभा होता आणि फाटकाशी नव्या साडीची पिशवी कवटाळून लेक उभी होती.

"नाय येत," भागीरथी म्हणाली.

आणि म्हणताक्षणी तिला कळलं की आपण स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं. बाईंनी पुढं विचारलं, इथल्याबद्दल काही सांगायचंय का? कुणाबद्दलही? मी कुणाला तुमचं नाव सांगणार नाही. आता काय सांगणार? मला ऐकू येत नाही म्हणायचं आणि मागच्या कोठारातून ऐकू येतं म्हणायचं, हे एका तोंडात कसं मावणार?

"सगळं चांगलं हाय," ती म्हणाली.

बाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "बरं. तुम्हाला इथं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. जेवण झालं की लिहून देते. उजेड आहे तोवर लेकीबरोबर निघा."

सुटली. एवढ्या वर्षांनी सुटली. योगिनीनं लांबूनच ओळखलं आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. भागीरथी मात्र उठली ती सरळ चुलीकडे गेली, कारण पंगत वाढायची होती, आणि कुणाच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत नव्हती. असं सुख कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ओटीवर पंगत मांडली. पाहुणे असले की 'सावली'त पत्रावळी निघत, एरवी ॲल्युमिनियमच्या थाळ्या. गुणाबाई पाणी वाढत होती. गुणाबाई धसईकडची, निवासातल्या बायकांवर देखरेख करणारी, हाडापेरानं मजबूत आणि हाताची सढळ. म्हणजे मारायला सढळ. तिच्या हातचा मार न खाल्लेलं इथं कुणी नव्हतं. पण अन्नाच्या बाबतीत बाई सोवळ्यातली. शीत सांडलं तर वेचून कपाळाला लावील, उपाशी माणसाच्या पुढचं ताट ओढताना तिला कधी कुणी पाहिलं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात लहानपणी जे अंगात मुरतं ते पुढं कुठल्याही नोकरीत धुऊन जात नाही.

भागीरथी वाढत निघाली. भात, वालाचं बिरडं, शिरा. इस्त्रीचे सदरे घातलेली माणसं हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. बाईही खाली बसल्या होत्या, पंगतीतच, योगिनीच्या शेजारी. भागीरथी कोपऱ्यातल्या खांबापाशी आली. तिथं जिवली बसायची. जागा मोकळी होती, कुणी तिथं बसलं नव्हतं, सवयच तशी.

तिनं काही ठरवलं नव्हतं. पुढं तिला कितीदा विचारलं तरी ती हेच सांगायची, ठरवलं नव्हतं. हात थांबला एवढं खरं. मग तिनं एक पत्रावळ घेतली, त्या मोकळ्या जागेपुढं मांडली, आणि वाढलं. भात जास्त, बिरडं जास्त, शिरा दोनदा. बाजूला पाण्याचा पेला ठेवला. तोंडानं सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती, पण वाढायची होती.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या योगिनीला खोलीबद्दल काहीतरी विचारत होत्या. लक्ष गेलं ते धनेशदादांचं.

"हे कुणाचं?"

भागीरथी भाताची परात घेऊन उभीच.

ते हसले. "एक पान जास्त वाढलं वाटतं आनंदाच्या भरात. होतं असं. गुणाबाई, उचला ते."

गुणाबाईनं तांब्या खाली ठेवला, वाकली, पत्रावळीच्या कडांना हात लावला. आणि थांबली. वाफ येत होती भातातून. मोकळी जागा, भरलेलं पान, भरलेला पेला. गुणाबाईच्या घरी असं पान कुणी उचलत नव्हतं. वाढल्या पानावरचा माणूस उपाशी ठेवायचा नाही, तो शेतावर असला तर शेतावर नेऊन द्यायचं, आजारी असला तर अंथरुणाशी. तिचे हात जन्मभर तेच करत आले होते आणि आताही त्यांनी तिला न विचारता तेच केलं. पान दोन्ही हातांवर अलगद उचलून ती सरळ झाली.

"वाढलेलं अन्न टाकू कशी, दादा? जिवलीला नेऊन देते ना आत. काल धरनं पोटात काय नाय पोरीच्या."

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ते ऐकू आले. तिचा चेहरा पांढरा पडला.

"जिवली कोण?" संजीवनीबाईंनी विचारलं.

धनेशदादांनी वेळ दवडला नाही, हे त्यांचं कसब मानलंच पाहिजे. "होती एक मुलगी, बाई. भाऊ घेऊन गेला तिला. गुणाबाई वयानं जरा घोटाळते. आणि ही..." त्यांनी भागीरथीच्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं, "हिला त्या मुलीचा भारी लळा. ती गेल्यापासून हिला ती दिसते, तिचं ऐकू येतं. मी बोलणार नव्हतो. म्हटलं, सुटतेय बिचारी तर सुटू दे. पण तुम्हीच विचारा तिला. ते पान तिनं कुणासाठी वाढलं?"

बाई उठल्या. भागीरथीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भागीरथीताई, पान कुणाचं?"

समोर योगिनी. तिचे डोळे म्हणत होते, नको. आई, नको. तिच्या मांडीवर ती साडीची पिशवी तशीच होती. भागीरथीला वाटलं, लेकीला एकदा परकरात सोडून आले, आज दुसऱ्यांदा सोडतेय.

"जिवलीचं," ती म्हणाली. "ती मागच्या कोठारात हाय."

"पाहिलंत तुम्ही?"

"नाय. आवाज आयकला तिचा."

"बघा!" धनेशदादा म्हणाले. मोठ्यानं नव्हे, दुःखानं म्हणाले. म्हणूनच ते इतकं खरं वाटलं. योगिनीनं मान खाली घातली.

बाईंनी गुणाबाईच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांना ऐकू आलं. गुणाबाईंना नेऊन द्यायचंय. दोघींना एकच भास होत असेल, तर तो मला पाहायचाय. कोठार उघडा."

"चावी मुरबाडला..."

"मग जेवण कुठं नेऊन देणार होत्या गुणाबाई? फटीतून?" बाईंनी फोन काढला. "पोलिसांना बोलावते. ते येईपर्यंत मी त्या दारापुढं बसते. गुणाबाई, चावी तुमच्याकडे आहे का?"

गुणाबाई हातातलं पान घेऊन तशीच उभी होती. तिनं धनेशदादांकडे पाहिलं. त्यांची नजर कुणी तिच्या जागी झेलून पाहावी. मग तिनं पान भागीरथीच्या हातात दिलं, कमरेची गाठ सोडली, आणि चावी काढली. "माझी पण पोरं हायत," ती पुटपुटली, आणि हे ती कुणाला सांगत होती, कोण जाणे.

अंगण ओलांडून सगळे मागं निघाले. पंगतीतली माणसंही उठली, न सांगता. भागीरथी पुढं होती, पण तिची चाल मंदावली, कारण कोठार जवळ येत होतं आणि आतून आवाज येत नव्हता. काहीच येत नव्हतं. कोंबड्या फडफडल्या, कुलूप खडखडलं, पण आत शांत. तिच्या मनात आलं, रिकामं असेल तर? गुणाबाई खरंच घोटाळली असेल, पोर खरंच वैशाखऱ्याला भावाच्या अंगणात बसली असेल, आणि आपण, आपण परत तिथंच जाऊन पडलो असू, जिथून निघायला एवढी वर्षं लागली? तिनं देवाकडे मागणं मागितलं, आणि ते मागणं भयंकर होतं. तिनं मागितलं, की पोर आत असू दे.

दार उघडलं. पोत्यांची थप्पी, तुसाचा धुरळा, आणि मुताचा उग्र वास. कुणी दिसेना. धनेशदादांनी श्वास सोडलेला भागीरथीला मागून ऐकू आला.

"जिवले," तिनं हाक मारली. "जिवले गो, मी हाय."

पोत्यांच्या मागं काहीतरी सरकलं. मग भिंतीला धरून जिवली उभी राहिली. तिचा डावा हात कोपरापासून सुजून काळानिळा पडला होता, त्याला एक फडकं गुंडाळलेलं. ओठ सुकून फुटलेले. उजेडानं तिनं डोळे मिटले, आणि मग ओळख पटली तशी तिच्या नाकातून तो आवाज आला, बारीक, घुमणारा.

आणि भागीरथीला काय वाटलं? पोर सापडली याचा आनंद? नाही. तो नंतर झाला. आधी तिच्या मनात वीज चमकावी तसं एवढंच आलं, की मी खरं ऐकलं होतं. माझे कान खरे होते. मी वेडी नव्हते. पोर मोडका हात घेऊन समोर उभी आणि हिला स्वतःच्या कानांची खुशी. त्याची तिला अशी लाज वाटली, की ती दारातच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. जिवली येऊन तिला चिकटली. बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला, पोलिसांना लावला, आणि आपली पाण्याची बाटली जिवलीच्या तोंडाला लावून बसल्या.

धनेशदादा बोलतच होते. ती अंगावर धावते, बाई. तिच्याच भल्यासाठी. हात पडून दुखावला, उद्या नेणारच होतो दवाखान्यात. चाळीस गावं फिरा, अशी माणसं सांभाळणारा दुसरा दाखवा. यातलं शेवटचं कदाचित खरं होतं, आणि म्हणूनच त्यांचं फावलं होतं. बाई ऐकत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं.

"आणि हिच्या कागदावर सही करणार आहात ना? तर एक विचारा. ही तुम्हाला म्हणाली, आवाज येत नाहीत. विचारा पुन्हा. खोटं बोललीय ती मंडळापुढं. हिच्या औषधांवर माझं लक्ष असतं, मला ठाऊक आहे."

योगिनी धावत येऊन आईजवळ बसली होती, तिनं तिचा हात घट्ट धरला. संजीवनीबाई वळल्या. त्यांना विचारायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण प्रश्न आता सगळ्यांच्या देखत पडला होता.

"भागीरथीताई," त्या म्हणाल्या, "उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

भागीरथीनं पदरानं तोंड पुसलं. जिवलीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि त्या डोक्याला तुसाची कुसं लागली होती. ती एकेक काढत राहिली.

"येतात," ती म्हणाली. "मघाशी खोटं बोलले मी, सुटायचं म्हणून. पण येतात म्हणून सांगितलं असतं, तर ह्या पोरीचं तुमी खरं मानलं नसतं."

बाईंनी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "कदाचित नसतं मानलं."

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला, कोठाराच्या उंबऱ्यावरच बसून मांडीवर धरला, आणि भागीरथीच्या सुटकेचा हुकूम लिहून खाली सही केली.